७/१० + ८/१० = १५/२०! पोरगं ऐकायला तयार नाही, काय सांगू?

पाचवीची_आई
मुलगा पाचवीत, मराठी माध्यम. सध्या समच्छेद अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. नियम पाठ आहे: छेद तोच ठेवायचा, अंश मिळवायचे. गणितंही बरोबर येतात. पण काल चाचणीचे दोन पेपर माझ्यासमोर आपटले आणि म्हणाला, "पहिल्यात ७/१०, दुसऱ्यात ८/१०. बाईंनी एकूण १५/२० लिहिलंय, खाली सही आहे. मग गणिताच्या वहीत मी हेच लिहिलं तर लाल फुली का?"

मी म्हटलं, अरे ते गुण आहेत, हे अपूर्णांक. तर म्हणे, दिसतात तर सारखेच. त्याच्या बाबांनी "नियम आहे म्हणून" एवढं सांगून अंग काढून घेतलं.

घोकंपट्टी नको आहे, ती त्याची झालीच आहे. दहा वर्षांच्या पोराला पटेल असं कारण हवंय. आहे का कुणाकडे?

निवांत
पोरगं वकील होणार. सहीशिक्क्याचा पुरावा घेऊन आलंय.

चहाटळ
बाईंची सही आहे ना? मग १५/२० बरोबर. धागा बंद करा.

शाळामास्तर
ताई, शंका बिनतोड आहे. निवृत्त होईपर्यंत मी पाचवी-सहावीच शिकवली. ही शंका तोंडाने विचारणारा क्वचित भेटतो, बाकीचे गुपचूप छेदांची बेरीज करून मोकळे होतात.

त्याला एकच विचारा: कशाचा भाग? ७/१० हा पहिल्या पेपरचा भाग. ८/१० हा दुसऱ्या पेपरचा. बाईंनी जे १५/२० लिहिलं तो दोन्ही पेपर मिळून झालेल्या मोठ्या पेपरचा भाग. म्हणजे बेरीज करता करता 'पूर्ण' कशाला म्हणायचं तेच बदललं. गणिताच्या वहीत तसं करायची मुभा नाही, तिथे पूर्ण एकच.

आता त्याला सांगा, एका पेपरला १ धर. मग तुझे गुण किती पेपरांएवढे झाले? १५/१०, म्हणजे दीड पेपर. दोन पेपरांपैकी दीड पेपर. १५/२० हेच सांगतंय! बाई खोट्या नाहीत, वहीतली फुलीही खोटी नाही.

आणखी एक. या चुकीला आम्ही मास्तर मंडळीही हातभार लावतो. १/४ + १/४ शिकवताना फळ्यावर दोन गोल काढतो, दोघांचे चार-चार भाग, एकेक भाग रंगवलेला. पोरगं काय बघतं? आठ घरं, त्यातली दोन रंगलेली. २/८! चित्र बघून प्रामाणिकपणे काढलेलं उत्तर आहे ते. म्हणून मी पुढे गोल सोडून दिले. कागदाची एकच पट्टी, तिच्या घड्या, आणि दोन्ही अपूर्णांक त्याच पट्टीवर एकापुढे एक रंगवायचे. दुसरी पट्टी वर्गात आणायचीच नाही.

भोचक_भवानी
मास्तर, हे दोन गोलांचं कुणी आधी का नाही सांगितलं! आमच्याकडे शिकवणीच्या बाई रोज दोन पिझ्झे काढतात.

निवांत
पिझ्झे काढतात आणि पोरांना भूक लागते. अपूर्णांक राहतात बाजूला.

रंधा
फर्निचरच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून लिहितो. आमच्या टेपवर इंचाचे आठ भाग. एक भाग म्हणजे एक सूत. सहा सुती प्लायला तीन सुती प्लाय चिकटवला तर जाडी किती? नऊ सूत, म्हणजे एक इंच एक सूत. शाळेचं तोंड न पाहिलेला हेल्परसुद्धा हे तोंडी सांगतो. इथे ६/८ + ३/८ = ९/१६ असं केलंत तर ते होतं साडेचार सूत. दोन प्लाय एकावर एक चिकटवले आणि सहा सुतीपेक्षाही पातळ झाले?

पोराच्या हातात टेप द्या ताई. पाच मिनिटांचं काम आहे.

शाळामास्तर
रंधाशेठ, वर्ग तुमच्या ताब्यात द्यायला हरकत नाही. छेद म्हणजे तुकड्याची जात आणि अंश म्हणजे किती तुकडे, एवढं सुताने आपोआप कळतं. सूत अधिक सूत सूतच राहणार.

रच्याकने
बांधकामावरही तेच. तीन सुती सळी, चार सुती सळी. आता पावतीवर १० आणि १२ मिलिमीटर छापून येतं, पण मागताना लोक सूतच मागतात.

सोळा_आणे
आमच्या लहानपणी हे शिकवावंच लागत नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. पाच आणे अधिक सहा आणे अकरा आणे, म्हणजे ११/१६ रुपया. अकरा आणे बत्तिसांश असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पाटीवर अपूर्णांक दिसायच्या आधी तो बाजारात खर्च झालेला असायचा.

आणि जुन्या हिशेबाच्या वह्या बघितल्या असतील तर आठवेल, आकड्यापुढे उभ्या रेघा असत. १। म्हणजे सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. एक रेघ म्हणजे एक पाव. आता १॥ आणि २॥। मिळवा. रेघा झाल्या पाच. चार रेघांचा एक हातचा, उरली एक. उत्तर ४।. छेद लिहायचा नाहीच, तो रेघेतच आहे. समच्छेद बेरीज इतकी सुटसुटीत मी पुढे कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

पाचवीची_आई
सोळा_आणे काका, हे रेघांचं प्रकरण मला नवीन आहे! आजच दाखवते त्याला.

लसावि
थोडा विरोधी सूर लावतो. शिकवणी घेतो, शिष्यवृत्तीची बॅच असते. पेपरात एका प्रश्नाला मिनिटभराहून थोडाच जास्त वेळ मिळतो. तिथे पट्टी, घड्या, सुतारकाम आठवत बसलात तर पुढचे प्रश्न राहून जातील. छेद सारखा, अंश मिळवा, संक्षिप्त रूप द्या, पुढे चला. कारण आठवीत कळलं तरी चालतं. पाढे आपण कारण समजून पाठ केले होते का?

टोरांटोकर
लसावि, नुसता नियम पाठ असला की काय होतं त्याचं एक गाजलेलं उदाहरण. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर सांगा. पर्याय १, २, १९, २१. आकडेमोड करायचीच नाही, दोन्ही संख्या जवळजवळ १, म्हणून उत्तर २. बरोबर उत्तर देणारे फक्त २४ टक्के. १९ आणि २१ निवडणारे मिळून निम्म्याहून जास्त. १९ म्हणजे अंशांची बेरीज, २१ म्हणजे छेदांची. दोन एकांएवढ्या गोष्टी मिळवून एकोणीस कसे होतील, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही.

लसावि
त्या मुलांना नियमही धड येत नव्हता असं मी म्हणेन. नियम पक्का असता तर १९ आलं नसतं.

टोरांटोकर
आणि अंदाज पक्का असता तर नियमाशिवायही २ आलं असतं. :)

चहाटळ
हे दोघे एकाच छेदावर येणार नाहीत. लसावि काढा कुणीतरी.

भोचक_भवानी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

लसावि
हसा. तरी एक कबूल, माझ्या बॅचमध्येही १/२ + १/२ = २/४ लिहिणारे निघतात. त्यांना मी एवढंच म्हणतो, २/४ चं संक्षिप्त रूप दे. १/२ येतं. अर्ध्यात अर्धा मिळवला आणि अर्धाच उरला? मग स्वतःच खोडतात. याला दहा सेकंद लागतात, एवढं कारण मला परवडतं.

गुगली
क्रिकेटकडे कुणाचं लक्ष कसं नाही गेलं? षटकं म्हणजे षष्ठांशांची बेरीज! एका गोलंदाजाने ३.४ षटकं टाकली, दुसऱ्याने २.५. एकूण किती? दशांश समजून मिळवलंत तर ६.९, आणि नऊ चेंडूंचं षटक जगात कुठे नाही. ४ चेंडू अधिक ५ चेंडू म्हणजे ९, त्यातल्या सहांचं एक षटक, उरले ३. उत्तर ६.३. ४/६ + ५/६ = ९/६ = १ ३/६. पाचवीच्या मुलाला याहून गोड उदाहरण मिळायचं नाही.

आणि ताई, मुलाला सांगा की त्याची १५/२० वाली पद्धत क्रिकेट खरोखर वापरतं. स्पर्धेतला नेट रनरेट काढताना प्रत्येक सामन्याचे रनरेट मिळवत नाहीत. सगळ्या धावा एकीकडे मिळवतात, सगळी षटकं दुसरीकडे, मग भागतात. वरचे वर, खालचे खाली. त्याने नियम मोडला नाहीये, दुसऱ्या खेळाचा नियम इथे आणलाय.

शाळामास्तर
वा गुगली, शेवटचं वाक्य वर्गात लावण्यासारखं आहे.

बांधावरून
षटकांसारखाच घोळ आमच्याकडे एकर-गुंठ्यांचा. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे गुंठा हा चाळिसावा भाग. लोक १ एकर २५ गुंठे हे १.२५ असं लिहितात, १ एकर ३० गुंठे हे १.३०. मग कुणीतरी मोबाईलवर मिळवतो: २.५५. आणि खरेदीच्या बोलणीत अडीच एकर म्हणून मोकळा होतो. खरी बेरीज करा. २५ आणि ३० म्हणजे ५५ गुंठे, त्यातला एक एकर निघाला, उरले १५. एकूण ३ एकर १५ गुंठे. मोबाईलचे २.५५ एकर म्हणजे २ एकर २२ गुंठे. तेहतीस गुंठे हवेत!

गावाकडे आम्ही हे बोटांवर करतो तेव्हा चुकत नाही. टिंब टाकलं की चुकतो.

चहाटळ
शेतीचा विषय निघालाच आहे तर माझीही अडचण सोडवा. आमचे दोन सातबारे आहेत. ७/१२ + ७/१२ = १४/१२, म्हणजे एकाहून जास्त शेत झालं. तलाठी नोंद करायला तयार नाही.

बांधावरून
गावनमुना सात आणि गावनमुना बारा, दोन कागद एकत्र म्हणून सातबारा. ती तिरकी रेघ भागाकाराची नाही. तलाठ्याला त्रास देऊ नका, त्याला आधीच पुरेसा आहे.

भोचक_भवानी
शेत आणि हिस्से म्हटल्यावर मला सतरा उंटांचं कोडं आठवलं. म्हाताऱ्याने थोरल्याला १/२, मधल्याला १/३, धाकट्याला १/९ लिहून ठेवले, आणि उंट सतरा. शेजारी आपला एक उंट घेऊन येतो, अठरा होतात, ९, ६, २ असे वाटले जातात आणि शेजाऱ्याचा उंट परत जातो. लहानपणी मला ही जादू वाटायची. समच्छेद केलं की जादू संपते: ९/१८ + ६/१८ + २/१८ = १७/१८. म्हाताऱ्याने पूर्ण एक वाटलाच नव्हता, अठरावा भाग कुणालाच दिला नव्हता.

निवांत
म्हणजे इच्छापत्रातच चूक होती. आमच्या घराण्यासारखीच.

चहाटळ
भाऊबंदकीचा वेगळा धागा काढा, त्यावर मोठे प्रतिसाद देईन.

जरा_हटके
अवांतर, पण तुमच्या मुलाला आवडेल. आपण म्हणतो समच्छेद बेरीज सगळ्यात सोपी. प्राचीन इजिप्तमध्ये ती त्रासाची होती! ते लोक वर १ असलेलेच अपूर्णांक लिहीत (२/३ ला तेवढी वेगळी खूण होती). शिवाय तोच अपूर्णांक दोनदा लिहायची पद्धत नव्हती. म्हणजे १/५ + १/५ चं उत्तर २/५ असं लिहिता येत नाही, १/५ १/५ असंही नाही. मग काय? १/३ + १/१५. करून बघा, ५/१५ आणि १/१५ मिळून ६/१५, म्हणजे २/५. तसंच २/७ म्हणजे १/४ + १/२८. यासाठी त्यांना चक्क तक्ता लागे. इ.स.पू. १५५० च्या सुमाराला आहमेस नावाच्या लेखनिकाने उतरवलेला पपायरस (त्या काळच्या कागदाची गुंडाळी) आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याच्या सुरुवातीलाच ३ पासून १०१ पर्यंतच्या विषम छेदांसाठी हा तक्ता आहे.

पोराला म्हणा, छेद तोच ठेव आणि अंश मिळव, ही सोय मिळाली म्हणून खूश राहा.

पाचवीची_आई
बापरे. हे ऐकून तो बाईंची माफी मागेल.

खानदेशी_खवय्या
इजिप्त कशाला, चाळीसगावला या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, त्यात हाच नियम आहे: हर (म्हणजे छेद) सारखे असतील तर अंशांची बेरीज किंवा वजाबाकी करा, आणि एखाद्या संख्येला हर नसेलच तर तिथे १ धरा. हे दुसरं वाक्य मुलांना जरूर शिकवा. २ + ३/४ समोर आलं की निम्मा वर्ग गारठतो, त्या २ खाली १ लिहायला कुणी सुचवत नाही. तेव्हा मधली आडवी रेघ नव्हती, नुसता अंश वर आणि हर खाली लिहीत.

चाळीसगावजवळ पाटण्याला देवळात शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा. पावसाळ्यात जा. येताना शेवभाजी खाल्ल्याशिवाय निघू नका.

निवांत
धागा अखेर जेवणावर आला. मराठी धाग्याचं वर्तुळ पूर्ण.

पाचवीची_आई
सगळ्यांचे आभार. टेप दिला, षटकं सांगितली, रेघा दाखवल्या. षटकांनी काम केलं. ७/१० + ८/१० ला दीड हे आता तो मानतो.

पण आता पुढचं. ३/४ + २/४ = ५/४ आलं आणि म्हणतो, "चारातले पाच भाग कसे घेणार? चारच तर आहेत." आता?

टोरांटोकर
अंशाधिक अपूर्णांक आला, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा. हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे.

शाळामास्तर
आणि या गोंधळालाही आम्हीच जबाबदार. पहिल्या दिवसापासून "चारपैकी तीन" असं शिकवतो. 'पैकी' डोक्यात बसलं की एकाच्या पलीकडे जाताच येत नाही. चारपैकी पाच घेणं खरंच अशक्य आहे, पोराचं काय चुकलं?

त्यामुळे 'पैकी' थोडे दिवस बाजूला ठेवा. संख्यारेषा काढा, शून्यापासून पाव-पावच्या उड्या मारायला लावा आणि मोठ्याने मोजायला सांगा: एक चतुर्थांश, दोन चतुर्थांश, तीन, चार, पाच. चौथ्या उडीला १ येतो आणि पाचवी उडी त्याच्या पुढे पडते. रेषा काही १ पाशी संपत नाही. ५/४ म्हणजे पावाच्या पाच उड्या, एवढंच. काही चारातून काढून घ्यायचं नाहीये.

रंधा
किंवा टेपच घ्या. एका इंचात आठच सूत, म्हणून काय नववं सूत टेपवर नसतं?

पाचवीची_आई
रंधा, हे लगेच पटलं त्याला. टेप आता त्याच्या दप्तरात आहे.

गुगली
जाता जाता मोठ्यांसाठी एक. मुलाची 'वर वर, खाली खाली' पद्धत कधी चकवते बघा. कबड्डीचे दोन चढाईपटू. पहिल्या सामन्यात अ च्या ५ पैकी ४ चढाया यशस्वी, ब च्या १५ पैकी ११. दुसऱ्यात अ च्या १५ पैकी ६, ब च्या ५ पैकी १. दोन्ही सामन्यांत अ सरस: ८० टक्के विरुद्ध ७३, ४० विरुद्ध २०. आता एकूण करा. अ १०/२०, ब १२/२०. ब पुढे! छेद वेगवेगळे असले की हे होऊ शकतं.

लसावि
हे आवडलं. पण मुलाच्या चाचण्यांत छेद सारखेच होते, १० आणि १०. तेव्हा चकवा बसत नाही, १५/२० ही नेमकी सरासरी येते. म्हणून बाई सुरक्षित.

मीही एक टाकतो, शिष्यवृत्तीच्या पोरांना देतो ते. १/८ + २/८ + ३/८ असं करत ७/८ पर्यंत बेरीज किती? कागद-पेन्सिल न घेता.

भोचक_भवानी
२८/८, साडेतीन. मी कागद घेतला.

सोळा_आणे
औट, म्हणजे साडेतीन! औटकीचा पाढा येतो का कुणाला इथे? औट, सात, साडेदहा, चौदा...

पाचवीची_आई
मुलाने उत्तर दिलं, त्याच्याच शब्दांत लिहिते: "१/८ आणि ७/८ चा एक. २/८ आणि ६/८ चा एक. ३/८ आणि ५/८ चा एक. ४/८ ला जोडीदार नाही, तो अर्धा." आता छेद ९ घेऊन बसलाय, त्यात एकटा कुणीच उरत नाही म्हणे, पूर्ण चार येतात.